न उघडलेल्या नळाचं पाणी

रमजानच्या महिन्यात घराचं घड्याळ बदलतं. एरवी पहाटे चार-साडेचारला जिथे सगळे गाढ झोपेत असतात, तिथे स्वयंपाकघरात दिवा लागतो, तवा तापतो, सहरीसाठी एकेकाला हाक मारून उठवलं जातं. गल्लीत वाहनांची वर्दळ नसते, टीव्ही बंद असतो, शेजारचं घर झोपलेलं असतं. अशा वेळी एरवी न ऐकू येणारे आवाज कानावर येतात. फ्रिजची घरघर, लांब कुठेतरी भुंकणारं कुत्रं, आणि न्हाणीघराच्या बाजूने येणारी टपटप. नळ तर बंद केलेला असतो, तरी तो टिपकत असतो. किंवा कुणीही फ्लश केलेला नसताना संडासाच्या टाकीत हळूच पाणी भरत असतं.

वर्षभर दिवसाच्या गोंगाटात हा आवाज हरवून जातो. रमजानच्या पहाटे तो लपत नाही. म्हणून या महिन्यात, या पानावर, घरातल्या पाणीगळतीबद्दल लिहावंसं वाटलं. विषय प्लंबरचा वाटेल. पण पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तेरा तासांहून जास्त वेळ पाण्याचा घोटही न घेणाऱ्या माणसाच्या घरात तेवढेच तास एखादा नळ गळत असेल, तर तो विषय रोजेदाराचाही होतो. आणि ज्या घरात रोजा नाही, त्या घराचा तो तितकाच आहे. कारण टाकी दोन्ही घरांची एकाच धरणातून भरते.

पाणी सांडलं कुणी?

इस्लामी शिकवणुकीत ‘इस्राफ’ हा शब्द वारंवार येतो. गरजेपेक्षा जास्त वापरणं, मर्यादा ओलांडून खर्च करणं असा त्याचा अर्थ. आपल्या मराठीत त्याला ‘नासाडी’ म्हणता येईल. कुरआनाच्या सातव्या सूरेत माणसाला खाण्यापिण्याची मोकळीक दिली आहे आणि त्याच ठिकाणी नासाडीपासून रोखलंही आहे. इब्ने माजा यांच्या हदीस संग्रहात एक प्रसंग येतो. हजरत साद वजू करत होते, म्हणजे नमाजाआधी हात, तोंड आणि पाय धूत होते. पैगंबर तिथून चालले होते. पाणी जास्त वापरलं जात आहे हे पाहून त्यांनी टोकलं. वजूसारख्या इबादतीच्या कामातही नासाडी होऊ शकते, याचं साद यांना नवल वाटलं. तेव्हा त्यांना समजावण्यात आलं की, वाहत्या नदीच्या काठी बसून वजू केली तरी ती होऊ शकते. हे कथन कुणाकडून कुणाकडे आलं त्या साखळीबद्दल, म्हणजे सनदीबद्दल, अभ्यासकांनी चर्चा केली आहे. आशयाबद्दल मात्र दुमत नाही.

इस्राफ म्हटलं की आपल्यासमोर हाताने केलेली नासाडी येते. इफ्तारच्या दस्तरखानावर उरलेली भजी, अर्धवट टाकलेलं कलिंगड, ब्रश करताना सोडून ठेवलेला नळ. गळती त्यात येत नाही, कारण ती कुणी ‘केलेली’ नसते. नळ कुणी उघडलेला नसतो, पाणी कुणी सांडलेलं नसतं, त्यामुळे घरात कुणाला जबाबदारही धरता येत नाही. माझ्या मते अडचण नेमकी इथेच आहे. आपण जे करतो त्याचा हिशेब ठेवतो. आपल्या डोळ्यांदेखत जे आपोआप चालू आहे त्याचा ठेवत नाही. पहिल्या दिवशी टिपकणारा नळ हा बिघाड असतो. महिनाभर ऐकूनही तो तसाच राहिला, तर तो आपला निर्णय असतो.

पेल्याने मोजलेली गळती

गळती किती होते, याचे मोठमोठे आकडे वाचण्यापेक्षा स्वतः मोजून पाहणं सोपं. टिपकणाऱ्या नळाखाली 200 मिलिलिटरचा पेला ठेवा आणि घड्याळ बघा. तासाभरात पेला भरला, तर दिवसाला 4.8 लिटर आणि तीस दिवसांच्या रमजानमध्ये 144 लिटर पाणी गेलं. धार काडीसारखी बारीक असेल आणि लिटरची बाटली पाच मिनिटांत भरत असेल, तर दिवसाला 288 लिटर. हजार लिटरची टाकी साडेतीन दिवसांत रिकामी व्हायला एवढी धार पुरते.

आता हे 144 लिटर वजूच्या मापाने मोजू. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोंद आहे की पैगंबर एका ‘मुद्द’ पाण्यात वजू करत आणि एक ‘साअ’ ते पाच मुद्द पाण्यात अंघोळ करत. मुद्द म्हणजे दोन्ही हातांच्या भरलेल्या ओंजळीएवढं माप, आजच्या हिशेबाने साधारण अर्धा ते पाऊण लिटर. चार मुद्दांचा एक साअ. ईदच्या नमाजाआधी जो फित्रा देतात, त्याचं धान्य याच साअने मोजतात, म्हणून अनेकांना हे माप ओळखीचं असेल. पाऊण लिटरची वजू धरली, तर पेलाभर गळतीतलं महिन्याचं पाणी 192 वजूंना पुरेल. दिवसाच्या पाच नमाजांच्या पाच वजू धरल्या, तर एका माणसाचे अडतीस दिवस झाले.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात हा हिशेब जास्त टोचतो. शहराचं बहुतांश पाणी पैठणच्या नाथसागरातून, सुमारे पन्नास किलोमीटरवरून, पंपाने उंचावर चढवून आणलं जातं. ते घराघरांत रोज पोहोचत नाही, कित्येक दिवसांआड पाळी येते. पाण्याच्या दिवशी माणसं कामाच्या सुट्ट्या टाकतात, पाहुण्यांना पुढे-मागे यायला सांगतात, टँकरचे पैसे वेगळे मोजतात. इतक्या मिनतवारीने मिळवलेलं पाणी घराच्या आत आल्यावर मात्र त्याची पहारेदारी संपते.

ज्यांच्या नावाने हा जलाशय ओळखला जातो, त्या एकनाथ महाराजांची एक कथा मराठी घरांत लहानपणापासून सांगितली जाते. काशीहून कावडीत आणलेलं गंगेचं पाणी रामेश्वराला वाहायचं होतं, ते त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. अलीकडच्या काही वर्षांत नाथषष्ठी आणि रमजान जवळजवळ येत आहेत. पाणी कुणाच्या तोंडी पडावं याबद्दल दोन्ही परंपरांचं म्हणणं फार वेगळं नाही. ते गटारात जावं, असं तर कुणीच म्हणत नाही.

तरावीह ते सहरी

गळती शोधायची सगळ्यात चांगली वेळ रमजानने आयती दिली आहे. तरावीहची नमाज आटोपून माणसं घरी येतात, झोपतात आणि सहरीला उठतात. मधल्या चार-पाच तासांत घरात पाणी जवळजवळ वापरलं जात नाही. तेवढ्या वेळात टाकीची पातळी उतरली, तर पाणी कुठेतरी गेलं, एवढं नक्की.

झोपण्याआधी गच्चीवर जा. टाकीत येणाऱ्या पाण्याचा कॉक आणि मोटर बंद असल्याची खात्री करा. एक कोरडी काठी टाकीच्या काठापासून सरळ खाली धरा, पाणी कुठवर लागलं तिथे खडूने खूण करा. सहरीच्या वेळी त्याच जागी तीच काठी पुन्हा धरा. हजार लिटरच्या नेहमीच्या गोल उभ्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण नऊ-दहा लिटर पाणी. कुणी रात्री उठून संडासला गेलं असेल, तर तेवढं वजा करा. तरीही पातळी दोन-तीन सेंटिमीटर उतरली असेल, तर शोध सुरू करायला हवा.

दुसऱ्या रात्री टाकीतून घरात उतरणाऱ्या पाइपचा व्हॉल्व्हही बंद करा. आता पातळी स्थिर राहिली, तर टाकी ठीक आहे आणि गळती घरात आहे. तरीही उतरली, तर टाकीलाच तडा आहे किंवा टाकी आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला जोड सैल आहे. गळती घरात निघाली, तर तिसऱ्या रात्रीपासून एकेक फाटा बंद करून पाहा. आज स्वयंपाकघराचा, उद्या न्हाणीघराचा, परवा संडासाच्या टाकीखालचा छोटा अँगल कॉक. ज्या रात्री पातळी उतरायची थांबेल, त्या रात्री बंद केलेल्या फाट्यावर चोर सापडला.

जमिनीखालच्या हौदाची परीक्षाही अशीच करावी. पाण्याच्या दिवशी हौद भरला की आत येणारं पाणी आणि मोटर बंद ठेवून एक रात्र खूण करून पाहावी. हौदाचा तडा बहुतेक कोपऱ्यात, भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथे, किंवा पाइप भिंतीतून आत येतो तिथे असतो. ज्यांच्याकडे मीटर आहे, त्यांचं काम याहून सोपं. घरातले सगळे नळ बंद करून मीटरमधलं बारीक चक्र पाहावं. ते फिरत असेल, तर पाणी चाललं आहे.

भिंतीतल्या पाइपचा आवाज ऐकायचा असेल, तर एक लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक पाइपवर किंवा कॉकवर टेकवा आणि मुठीला कान लावा. वाहतं पाणी सळसळतं. सहरीच्या शांततेत ही सळसळ स्पष्ट ऐकू येते आणि गळतीच्या जवळ जावं तशी वाढते.

बिर्याणीचा रंग आणि फ्लशची टाकी

सगळ्यात जास्त पाणी बहुधा जिथे कुणाचं लक्ष नसतं तिथून जातं, आणि ती जागा म्हणजे संडासाची फ्लशची टाकी. नळ टिपकला तर दिसतो. फ्लशच्या टाकीचं रबर झिजलं, तर पाणी आतल्या आत भांड्यात घरंगळत राहतं आणि टाकी पुन्हा भरत राहते. जमीन ओली होत नाही, भिंतही ओली होत नाही.

याची परीक्षा स्वयंपाकघरातल्या डबीने करता येते. बिर्याणीत किंवा जर्द्यात घालतात तो केशरी रंग चिमूटभर पाण्यात कालवून फ्लशच्या टाकीत ओता. अर्धा तास कुणीही फ्लश करायचा नाही. अर्ध्या तासाने भांड्यात रंग उतरलेला दिसला, तर टाकीच्या तळाचं रबर पाणी धरत नाही. आधी ते काढून पुसून पाहा. क्षाराचा पांढरा थर साचल्यानेही ते नीट बसत नाही. बोअरच्या पाण्याच्या घरात हे हमखास होतं. पुसूनही उपयोग झाला नाही, तर रबर बदला. टाकीचं मॉडेल लक्षात ठेवा, किंवा जुनं रबरच दुकानात घेऊन जा.

रंग उतरला नाही, पण पाण्याचा आवाज येतो आहे, असं असेल तर टाकीतला फ्लोट पाहा. टाकीच्या मध्ये एक उभी नळी असते. पाण्याची पातळी तिच्या तोंडाच्या साधारण इंचभर खाली राहायला हवी. पातळी त्या तोंडापर्यंत येत असेल, तर जादा पाणी सतत आत जात राहतं. फ्लोटचा स्क्रू फिरवून किंवा दांडी किंचित खाली करून पातळी उतरवता येते. भिंतीत बसवलेल्या लपवलेल्या टाकीचं काम मात्र जाणत्याकडूनच करून घ्यावं.

हाच फ्लोट मराठवाड्यातल्या आणखी एका वस्तूत असतो. उन्हं तापू लागली की खिडकीत कूलर बसतो. त्याचा फ्लोट अडकला, तर रात्रभर पाणी खिडकीखालच्या भिंतीवरून ओघळत राहतं आणि सकाळी आपण ते ‘कूलरचंच आहे’ म्हणून सोडून देतो. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राकडेही एक नजर असू द्या. त्याची साठवण टाकी भरल्यावर बाहेर टाकायच्या पाण्याची बारीक नळी थांबायला हवी. ती चोवीस तास वाहत असेल, तर आतला बंद करणारा व्हॉल्व्ह बिघडला आहे.

वॉशर, धागा आणि टेप

टिपकणाऱ्या नळाची दुरुस्ती बहुतेक घरांत स्वतः करता येते. आधी नळ कुठून गळतो ते पाहावं. तोंडातून थेंब पडत असेल, तर जुन्या फिरकीच्या नळात वॉशर झिजलेला असतो. मुठीखालून पाणी झिरपत असेल, तर दोष वरच्या नटाजवळच्या धाग्यात असतो.

मागचा व्हॉल्व्ह बंद करा. नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर सुटलेला स्क्रू थेट गटारात जातो. मूठ काढा, पान्याने वरचा नट सोडवा, आतला दांडा बाहेर घ्या. त्याच्या तळाला जो काळा रबरी वॉशर असतो, तो कडक झालेला किंवा मध्ये खड्डा पडलेला दिसेल. त्याच मापाचा नवा बसवा. वॉशर ज्या गोल कडेवर टेकतो, तिथे बोट फिरवून खडबडीतपणा पाहा. कडच खराब असेल, तर नवा वॉशरही फार टिकत नाही. मग नळ बदललेला बरा. मुठीखालची गळती पुष्कळदा नट पाव फेरा आवळल्यावर थांबते. नाही थांबली, तर दांड्याभोवतीचा जुना धागा काढून नवा गुंडाळावा.

पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळांत वॉशर नसतो, चिनी मातीच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं. त्यात वाळूचा कण अडकला की नळ टिपकू लागतो. हे कार्ट्रिज आख्खं बदलतात. नळ जास्त जोराने आवळून उपयोग होत नाही, उलट ते तुटतं.

आट्यांचा जोड गळत असेल, तर टेफ्लॉन टेप लागते. जुनी टेप खरवडून काढा, आटे कोरडे करा. पाइपचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाच-सहा घट्ट वेढे द्या. उलट दिशेने दिलेले वेढे जोड आवळताना सुटून येतात. प्लास्टिकच्या पाइपला चीर गेली असेल, तर वरून एम-सील थापणं ही पाण्याची पुढची पाळी येईपर्यंतची सोय आहे. तेही जागा पूर्ण कोरडी असेल तरच धरतं. खरी दुरुस्ती म्हणजे तेवढा तुकडा कापून काढून, त्याच जातीच्या पाइपचा कपलर आणि त्याच जातीचं सोल्युशन वापरून नवा तुकडा जोडणं, आणि डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत पाणी न सोडणं.

एक खबरदारी सगळ्यांत आधी घ्यायची. ओल विजेच्या बोर्डाजवळ असेल, गीझरखाली असेल किंवा ओल्या भिंतीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर स्वतः काहीही उघडू नका. मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लंबर नंतर.

शेजाऱ्याची भिंत

नळाची गळती पाण्याची असते, भिंतीतली गळती नात्यांचीही असते. आमच्या भागातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या घराचं छत ओलं झालं. रंगाचे पापुद्रे सुटले, कपाटामागे बुरशी आली. दोष साहजिकच तिसऱ्या मजल्यावर गेला. त्यांनी न्हाणीघराच्या फरशा काढून नव्या बसवल्या, चांगला खर्च केला, तरी डाग हटला नाही. खालचे म्हणाले, काम नीट केलं नाही. वरचे म्हणाले, आता आमच्याकडून आणखी काय हवं? दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. त्या वर्षी ईदचा शिरखुर्मा खाली गेला नाही आणि दिवाळीचा फराळ वर आला नाही.

शेवटी एका वयस्कर प्लंबरने तोडफोड न करता तपास केला. तिसऱ्या मजल्याचं पाणी त्याने पूर्ण एक दिवस बंद ठेवलं. डाग तसाच ओला राहिला. मग त्याने चौथ्या मजल्यावरच्या बेसिनमध्ये बादलीभर रंगीत पाणी ओतलं. थोड्या वेळाने दुसऱ्या मजल्यामागच्या डक्टमध्ये सांडपाण्याच्या पाइपच्या एका जोडातून रंग पाझरताना दिसला. दोन घरं ज्यासाठी भांडत होती, ते पाणी दोघांपैकी कुणाचंच नव्हतं.

अशा वेळी भांडणाआधी काही गोष्टी तपासायच्या. ओल चोवीस तास सारखी असेल, तर संशय दाब असलेल्या पाण्याच्या पाइपवर घ्यावा. अंघोळीच्या वेळेनंतर वाढून नंतर ओसरत असेल, तर सांडपाण्याचा पाइप, नहाणी ट्रॅप किंवा फरशांचे सांधे. वरच्या मजल्यावर मोरीच्या तोंडाला बोळा घालून जमिनीवर इंचभर पाणी काही तास साठवावं. खाली ओल वाढली, तर दोष जमिनीत किंवा सांध्यांत आहे. नाही वाढली, तर बोळा काढून पाणी एकदम सोडावं. आता ओल वाढली, तर दोष ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढच्या पाइपमध्ये आहे. फाल्गुन-चैत्रात भिंत ओली दिसली, तर पावसाला दोष देता येत नाही. म्हणूनही गळती शोधायला हे दिवस चांगले.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये जबाबदारीची वाटणी केलेली आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि मुख्य पाण्याच्या पाइपची गळती संस्थेने दुरुस्त करायची. सदनिकेच्या आतल्या संडास-बेसिनसारख्या ठिकाणची सभासदाने. हा नियम कामाचा आहे, पण तो लागू करायलाही पाणी कुठून येतं हे आधी कळायला हवं. इस्लाममध्ये शेजाऱ्याचा हक्क मोठा मानला आहे आणि तो शेजारी कुठल्या धर्माचा आहे हे त्यात पाहत नाहीत. रोज्यात राग आवरायला सांगितला आहे. वरच्या मजल्यावरच्या माणसाने ‘माझं नाही’ म्हणण्याआधी एक दिवस आपला व्हॉल्व्ह बंद करून पाहणं, हा त्या शिकवणुकीचा अगदी घरगुती वापर झाला.

छिद्रातून पाणी आतही येतं

ज्या शहरात पाणी कित्येक दिवसांआड येतं, तिथे गळतीचा आणखी एक धोका असतो, आणि तो पाण्याच्या बचतीपेक्षा मोठा आहे. पाण्याच्या दिवशी पाइपमध्ये दाब असतो, तेव्हा छिद्रातून पाणी बाहेर पडतं. पुरवठा थांबला की पाइप रिकामा होतो, दाब उतरतो आणि आजूबाजूची घाण त्याच छिद्रातून आत ओढली जाते. जलवाहिनी गटाराजवळून जात असेल, तर पुढच्या पाळीचं पहिलं पाणी गढूळ किंवा वास मारणारं येतं. कावीळ, टायफॉइड, गॅस्ट्रो यांच्या साथींना ही वाट सोपी पडते. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढलं, तर हीच क्रिया आणखी जोरात होते, आणि घाण आपल्याच नाही, शेजाऱ्याच्या नळातही जाते.

म्हणून मुख्य जलवाहिनीपासून आपल्या हौदापर्यंतचा पाइप गटार ओलांडत असेल, तर तो पाण्याच्या दिवशी पायी फिरून पाहावा. कोरड्या दिवसांत एखाद्याच जागी ओली माती, हिरवं गवत किंवा खचलेला फरशीचा तुकडा दिसला, तर खाली गळती असण्याची शक्यता मोठी. पहिलं गढूळ पाणी पिण्याच्या भांड्यात घेऊ नये. संशय असेपर्यंत पाणी उकळून प्यावं. इफ्तारच्या सरबतासाठीही तेच. रस्त्यावरची गळती दिसली, तर महापालिकेकडे तक्रार देताना जवळची खूण, पाणी सुटण्याची वेळ आणि फोटो द्यावा. ‘आमच्या गल्लीत पाणी वाया जातं’ एवढ्यावर माणूस नेमक्या जागी पोहोचत नाही.

मलिक अंबरची झरोकेदार अक्कल

या शहराला पाण्याची वाट उघडी ठेवण्याची जुनी परंपरा आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी वसवली आणि डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी बांधली. उतारावर, पंपाशिवाय चालणारी ही नहर त्याने पूर्ण झाकून टाकली नाही. वाटेत ठिकठिकाणी माणूस आत उतरू शकेल अशी तोंडं ठेवली. गाळ काढायला, तडा पाहायला, पाणी कुठे कमी झालं ते शोधायला. नंतरच्या काळातली पाणचक्की डोंगरातून मातीच्या नळांनी आलेल्या पाण्यावर चाले. तिथेही पाणी वर चढून पडतं ती उंच भिंत सगळ्यांना दिसते.

आपण मात्र घर बांधताना पाइप भिंतीत गाडतो, वर चकचकीत फरशी लावतो आणि आत काय आहे ते विसरतो. नवं घर बांधणाऱ्यांनी किंवा न्हाणीघर नवं करणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. फरशी लावण्याआधी उघड्या पाइपांचे फोटो काढून ठेवावेत, शेजारी मापपट्टी धरून. आणि जिथे जोड जास्त आहेत, तिथे उघडता येईल असं छोटं दार ठेवावं. प्रत्येक मोठ्या फाट्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह हवा. हा खर्च बांधताना थोडा असतो, फरशी फोडताना फार.

कुणाच्याच मालकीचा नसलेला नळ

घरातला नळ निदान घरच्यांचा असतो. मशिदीच्या वजूखान्यातला, देवळाच्या आवारातला, शाळेतला किंवा बसस्थानकावरचा नळ कुणाचाच नसतो. रमजानमध्ये वजूखान्यात एका वेळी दहा-पंधरा माणसं बसलेली असतात. प्रत्येक नळ दिवसातून कितीतरी वेळा उघडला आणि आवळला जातो. वॉशर झिजतात. तरावीह संपून दिवे मालवले की रांगेतले दोन-तीन नळ टिपकतच असतात.

मोहल्ल्यातल्या तरुणांनी वाटून घेतलं, तर हे अवघड नाही. आठवड्यातून एकदा, इशानंतर, एकाने सगळे नळ घट्ट करून प्रत्येकाखाली हात धरून पाहायचं. टिपकणाऱ्या नळाला दोरा बांधायचा, दुसऱ्या दिवशी वॉशर बदलायचा. वॉशर, टेप आणि एक पाना हे सामान कपाटात कायम असावं. ऐपत असेल त्या मशिदीने दाबल्यावर ठरावीक पाणी देऊन आपोआप बंद होणारे नळ बसवावेत. वजूचं पाणी फार मळलेलं नसतं. ते वेगळ्या पाइपने झाडांकडे वळवता आलं, तर दुहेरी फायदा. याच तरुणांनी गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींचा किंवा मिस्त्रीची मजुरी न परवडणाऱ्या कुटुंबाचा नळही बघून द्यावा. घर कुणाचं, हे विचारायचं कारण नाही.

हजरत साद बिन उबादा यांच्या आईचं निधन झालं, तेव्हा तिच्या नावाने कोणतं दान सगळ्यांत चांगलं, असं त्यांनी पैगंबरांना विचारलं. पाण्याचं, असं उत्तर आलं, आणि त्यांनी विहीर खोदली. मदिनेत हजरत उस्मान यांनी रूमा नावाची विहीर विकत घेऊन लोकांसाठी खुली केली. विहीर खोदणं किंवा विकत घेणं आज आपल्यापैकी थोड्यांनाच जमेल. पण जी विहीर, जो हौद, जी टाकी आपल्याकडे आहे, तिच्या तळाचं छिद्र बुजवणं सगळ्यांना जमतं. त्याला थोडे पैसे, एक पाना आणि रमजानची एखादी मोकळी दुपार लागते. वाचलेलं पाणी कुणाच्या वाट्याला गेलं, हे आपल्याला कळणार नाही. गुप्तपणे दिलेल्या दानाचं मोल आपल्याकडे नेहमीच मोठं मानलं गेलं आहे.